चार नंबरच्या जोड्या

कन्हारटोल्याच्या बोडीमागे, पडीत जागेत
सहा डिश उभ्या आहेत, सगळ्या एकाच दिशेला मान करून.
सहांच्या जोड्या होतात पंधरा.
रात्री अकरानंतर मी त्या एकेक उघडते.
पडद्यावर वेळ आडवी, चॅनेल उभे
आणि मध्ये रंगांचं गढूळ पाणी.

त्या पाण्यात एका फुटलेल्या ताऱ्याचं कवच आहे म्हणतात.
दिसत नाही.
दिसतं ते गाव.

ही पिवळी रेघ, दिवेलागणीपासून न तुटलेली,
कुंभऱ्यांच्या चक्कीमागचा टॉवर.
हा ठिपक्यांचा थवा म्हणजे शकीलचं वेल्डिंग,
उद्या कुणाला तरी ट्रॉलीचा हुक हवा असणार.
बाराला तीन फेज येते,
बोडीकाठच्या मोटारी एकदम खाकरतात
आणि पंधराच्या पंधरा जोड्या दचकतात.

माउसने चौकट ओढायची, एक बटण.
चौकटीतलं काळं होतं.
पुसलं जात नाही, हे मी बघायला येणाऱ्या पोरांना दरवेळी सांगते,
वर फक्त लिहिलं जातं की हे मोजू नका.
खाली सगळं तसंच असतं.
"म्हणजे गैरहजेरी लावता," सातवीतली एक म्हणाली,
"अन् पोरगा तर वर्गातच बसून आहे."

प्रोग्रामला सांगितलं तर तो दोन मिनिटांत निवडून देतो.
पण त्याचा हात जड.
खड्यासोबत दाणाही फेकतो.

फगुलाल रहांगडाले यांचं झटका मशीन चार नंबरच्या डिशला लागून.
रानडुकरांसाठी तारेत सव्वा सेकंदाला एक ठोका.
माझ्याकडे चार नंबरच्या पाचही जोड्यांत
सव्वा सेकंदाला एक उभा काटा.
पूर्ण हिवाळा मी तो काढत बसले.
एकदा जाऊन म्हटलं, तारेचे जोड घट्ट करता का, तिथे ठिणगी उडते.
त्यांनी केले. वर वांगी दिली.
काटा होता तसाच.

माघातली रात्र. एक चाळीस.
काटा थांबला.
मी आधी केबल पाहिली, मग चार नंबर मेली की काय ते.
जिवंत होती. पाचही जोड्या निवळलेल्या,
फेजची रेघ दोन खुंट्यांना ताणून बांधल्यासारखी.
पहाटेपर्यंत एक चौकट ओढावी लागली नाही.
दोनदा चहा केला.
वहीत लिहिलं, हंगामातली सर्वात चांगली रात्र.
आणि कवच आलं. खरंच आलं,
एका बाजूने टिचलेल्या बांगडीएवढं.

सकाळी सायकल टेकवून फगुलाल.
"बॅटरी बसली जी राती. डुकरं शिरली.
अर्धी लाखोळी लोळवली, हरभऱ्याची तं मुळं वर.
सातेक असतीन, पिलं धरून."
मग डिशकडे बघत, अगदी सहज,
"तुमच्या मशीनले समजते म्हणता नं माह्या तारीचं सगळं?
किती वाजता बंद पडली असन?"

एक चाळीस, मी म्हटलं.
वर सतरा सेकंद, तेही सांगून टाकलं, माहीत होते म्हणून.
त्यांनी मान हलवली.
चहाचं विचारायचं राहून गेलं.

बुधवारी नवी बॅटरी आली.
त्या रात्री चार-पाचच्या जोडीत एक काटा उगवला, मग दुसरा.
मी माउस धरून बसले.
बाराची लाइट आली, मोटारी खाकरल्या,
शकीलचे ठिपके कधीच मिटले होते.
काटे येत राहिले,
बांधाच्या पलीकडे डुकरं, अलीकडे उरलेली लाखोळी.

मग चौकट ओढली. काळं झालं.
कारणाच्या रकान्यात मी आजवर
"स्थानिक अडथळा" लिहीत आले.
तिथे लिहिलं,
रहांगडाले, चालू.