पात्रता अर्जाच्या तीन प्रती

ऑगस्टात पगार सर येतात, काखेत फाइल,
बारा पोरींचे पात्रता अर्ज, प्रत्येकी तीन प्रती.
काचेवर मी एकेकीला पालथी ठेवतो,
हिरवा उजेड या कडेपासून त्या कडेपर्यंत जातो
आणि मला कळतं:
शलाका मोगल, मुक्काम चांदोरी, आईचं नाव सिंधू.
नाझनीन अत्तार, जुने नाशिक, रक्तगट ओ निगेटिव्ह.
गांगुर्डे उज्ज्वला, शेवटचं वर्ष,
फोटोत असा चेहरा
की फाउल फोटोवाल्यानंच केलाय.
एवढी ओळख झाल्यावर
त्यांचं हरणं परवडत नाही.

पाचला शटर अर्धं ओढतो.
अर्धं म्हणजे, येतो लगेच.
कॉलेज रोड ओलांडून मागच्या गेटनं आत,
सिमेंटचं कोर्ट, मधल्या वर्तुळात भेग,
भेगेतलं गवत दरवर्षी कुणीतरी उपटतं
आणि ते दरवर्षी येतं.
बायको म्हणाली, तुमचं कोण आहे तिथं,
लेक ना भाची?
म्हटलं, झेरॉक्स आहे.

पहिला सामना वीसनं जिंकलो.
(जिंकलो. मी स्टूलवर बसून.)
दुसऱ्याला सिन्नरला स्कूटरवर गेलो,
मोहदरी घाटात पेट्रोल संपलं,
पोचलो तेव्हा पोरी केळी खात होत्या,
स्कोअर विचारायला लाज वाटली, सालींवरून ओळखलं.

देवळाली कॅम्पला मात्र मी पंचाला बोललो.
काय बोललो ते इथं लिहीत नाही.
शिट्टी वाजली, बोट माझ्याकडं,
पगार सर जवळ येऊन हळूच म्हणाले,
काका, जरा जाळीबाहेर थांबता का?
थांबलो. नाकाला गंजाचा वास,
तारेच्या एका चौकोनात नाझनीन मावायची
तर दुसऱ्यात नुसता चेंडू.
आठनं मागे होतो, तीननं जिंकलो.
मग पुढचे सगळे सामने बाहेरूनच,
त्याच स्वेटरात,
डिसेंबरात तो धुवायलाही दिला नाही.
घरात यावर जे बोलणं झालं तेही लिहीत नाही.

उपांत्य सामना संगमनेरच्या संघाशी.
थंडी अशी की चेंडू दगडासारखा उसळत होता,
म्हणजे उसळतच नव्हता.
शलाकाचे वडील चांदोरीहून द्राक्षांचं क्रेट घेऊन आलेले,
जिंकल्यावर वाटायला,
जुन्या सतरंजीखाली झाकून ठेवलेलं.
एक्कावन्न, त्रेपन्न.
घड्याळात काही उरलं नव्हतं
आणि उज्ज्वलाला दोन फ्री थ्रो.
ती नेहमी तीनदा आपटते चेंडू.
मीही तीनदा आपटलं, काय ते माहीत नाही,
बहुतेक स्वतःचं कपाळ, तारेवर.
पहिला गेला. जाळीचा आवाजही नाही.
दुसरा कडीवर बसला,
खरंच बसला, माणूस कट्ट्यावर बसतो तसा,
इकडं बघितलं, तिकडं बघितलं
आणि बाहेरच्या बाजूला उतरला.

कुणी रडलं नाही. नाझनीननं बुटाची नाडी सोडली,
पुन्हा बांधली, पुन्हा सोडली.
मोगल सतरंजी काढायला तयार नव्हते,
शेवटी शलाकानंच काढली.
मण्यांत पाणी उतरलं होतं, साखर नव्हती.
आम्ही सगळ्यांनी ती आंबट द्राक्षं
क्रेट रिकामं होईतो खाल्ली,
मलाही जाळीच्या आत बोलावून.

स्वेटर दुसऱ्या दिवशी धुतला.

जूनमध्ये उज्ज्वला आली, गुणपत्रिका घेऊन,
ओझरला कुठंतरी नोकरीचा अर्ज.
दोन प्रती, म्हणाली. मी तीन काढल्या,
हात तसाच चालतो.
सुटे शोधताना, माझ्याकडं न बघता, म्हणाली,
दुसरा थोडा लांब गेला ना, काका?

त्या चौकोनातून मला
चेंडूवरची शिवणसुद्धा दिसली होती.

जाळी मध्ये होती, म्हटलं,
नीट दिसलं नाही.