अर्धा न

दारव्ह्याच्या कोर्टाबाहेर, कडुलिंबाखाली माझं टेबल.
टाइपरायटर बावीस वर्षांचा,
त्यातला अर्धा न हल्ली उमटत नाही,
'न्यायालय' दाबलं की 'यायालय' येतं.
पान झालं की मी पेनानं
एकेका यायालयाला त्याचा न भरून देते.

आज पेपरात होतं: दिल्लीच्या कोर्टात
न्यायमूर्ती वाढवायचे की नाही, वाद चाललाय.
दहा वाजेपर्यंत तो वाद माझ्या टेबलाशी आला.

इंगोले वकील म्हणाले, वाढवलेच पाहिजेत.
गठ्ठे बघा. विहिरीला पाणी आहे हो,
मोटा कमी पडतात.

शेषराव काळबांडे, एकतीस वर्षं दारात उभं राहून
नावं पुकारलेला माणूस, रिटायर झाला तरी रोज येतो.
सुपारी कातरत म्हणाला,
"आमच्या गावी पंच होते पाच.
एकाचा निकाल उलटा गेला, त्यानं सात केले.
मंग दुसऱ्याचा गेला, त्यानं नऊ.
शेवटी पारावर जागा पुरेना,
पंचाइलेच उभं राहा लागे.
वाढवा ना, कोन नाही म्हनते?
पन खुर्ची कोन आनून राह्यला, थे पाहा पयले."

"तो पार होता, शेषराव. हे संविधान आहे."
"बसते त मानूसच ना, साहेब."

आमची स्वतःची खुर्ची मार्चपासून रिकामी.
दिग्रसहून प्रभारी येतात, मंगळवारी.
आज गुरुवार.

बाकड्याच्या टोकाला पार्बताबाई मेश्राम.
तिच्या पांदणीची केस
यवतमाळ, नागपूर करत दिल्लीला पोचली;
बैलगाडी अजून शेतात पोचत नाही.
तिनं विचारलं, "तितं माह्या केसले किती जन बसतेत?"
"दोघं. कधी तिघं."
"मंग बाकीचे वाढून मले काय?"
"नंबर लवकर लागेल, मावशी."
ती जरा वेळ गप्प.
"लवकर म्हंजे, कापूस वेचाच्या आंधी?"

वकिलांनी घड्याळ पाहिलं.
शेषरावचा अडकित्ता उघडाच राहिला.

तेवढ्यात कुणी पोरगा आला, हातात वारसाचे कागद.
पार्बताबाई सरकली, "बस बापा."
तिघांचं बाकडं, त्यावर चौथा.
विटेवर टेकवलेला पाय करकरला.

मी रोलरमधून पान ओढलं,
मोजले, सात यायालयं.
पेन कुठं ठेवला होता?