वाहक

रात्रपाळीत, सव्वादोनला, मी निळा ड्रम उघडते.
हातमोजे, टोपी, तोंडाला फडकं.
मापात पिवळं, तेलकट काहीतरी घेते
आणि दहा हजार लिटरच्या टाकीत सोडते.
एवढंच काम. बाकी पातं फिरतं, ते ढवळतं.

पहाटे क्रेटमधून पिशव्या निघतात
संकेश्वरला, खानापूरला, गल्लोगल्ली.
पिशवीवर एक सूर्य, एक हसरं पोर,
कन्नडात आणि इंग्रजीत: ए आणि डी युक्त.
वडगावात माझी आई ती पिशवी धुऊन
दोरीवर वाळत घालते.
सूर्य उलटा लोंबतो.

ड्रमवर मात्र, खाली, मुंगीएवढ्या अक्षरांत
आणखी नावं आहेत.
वाहक: सूर्यफूल तेल.
पॉलिसॉर्बेट ऐंशी. बीएचटी.
वाहक वाचल्यावर मला आधी
निपाणी गाडीचा कंडक्टरच आठवला,
दारात लोंबकळत शिट्टी मारणारा.
तसंच आहे की ते.
हे सत्त्व पाण्यात विरघळत नाही,
एकटं प्रवासाला निघत नाही,
कुणीतरी हाताला धरून बसवावं लागतं,
आणि वाटेत खवट होऊ नये म्हणून
सोबतीला आणखी कुणी.
पिशवीवर नाव फक्त प्रवाशाचं.

बहिणीच्या पोराला, भावकाण्णाला,
पाठीवर चट्टे उठतात. लाल, रुपयाएवढे.
दूध प्यायलं की तासाभरात.
कधी उठतात, कधी नाहीत.
शहापूरच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या,
धूळ असेल, शेंगदाणे असतील,
दूधच सोसत नसेल.
काय काय खातो, महिनाभर लिहून आणा.
बहिणीनं लिहिलं: भात, आमटी, एकदा कुंदा,
दूध. दूध. दूध.
वही माझ्या मांडीवर होती.
खिशात पेन होतं.

हुंडरे सुपरवायझर म्हणतात, "अगं, दहा लाखात थेंब.
कायद्यात बसतंय सगळं. मी पण पितो की."
आणि खरंच पितात, माझ्यासमोर,
ग्लासभर, मिशा पुसत.
उंदरांना पाजलं तेव्हा आतड्यांना सूज आली
असं वाचलंय मी कुठंतरी.
भावकाण्णा उंदीर नाही.
तेवढं कुणी त्याला पाजतही नाही.
इथंच माझं डोकं दर रात्री थांबतं,
पातं फिरत राहतं.

जीवनसत्त्वाशी माझं भांडण नाही.
मल्लव्वा मावशीला दिवेलागणीला
माणूस आणि खांब सारखेच दिसायचे.
खांबाला म्हणायची, "सरक की जरा."
आम्ही हसायचो.
तिला वेळेवर हा थेंब मिळता तर,
म्हणून झाकण मी हळूच लावते,
आपटत नाही.

कल्लाप्पा गवळी पाणी घालायचा.
आई दारात उभी राहून त्याला शिव्या द्यायची,
अर्ध्या मराठीत, अर्ध्या कन्नडात,
तो दोन्ही ऐकून घ्यायचा आणि वर थोडं ओतायचा.
पण पाणी कुठल्या विहिरीचं
हे अख्ख्या गल्लीला ठाऊक होतं.
मे महिन्यात विहीर आटली
की दूध घट्ट यायचं.

काल पाळी सुटताना रिकाम्या ड्रमचं लेबल
गरम पाणी मारून सोडवलं,
डब्याच्या झाकणात चपटं घालून आणलं,
वहीत, शेवटच्या दुधापुढं,
भाताच्या शितांनी चिकटवलं.

डॉक्टरीणबाईंनी चष्मा कपाळावर घेतला,
कागद डोळ्यांजवळ नेला.
बराच वेळ.
भावकाण्णा टेबलाखाली माझी चप्पल
पायात घालून बघत होता.
"हेच कारण असेल असं नाही," त्या म्हणाल्या.
"नाही," मी म्हटलं.
"दोन आठवडे ही पिशवी बंद करून बघू.
पण हे मिळालं कुठून तुम्हाला?"

माझ्या खिशावर तोच सूर्य शिवलेला होता.
मी ओढणी पुढं घेतली.