दुसरी दहा रुपये कमी

कर्वे रस्त्यावर, क्लासच्या तिसऱ्या मजल्यावर
संध्याकाळच्या बॅचला मी सांगते:
बरोबरचं चिन्ह बरोबरी करत नाही.
ते उजवीकडचा पत्ता उचलतं
आणि डावीकडच्या नावाच्या हातात ठेवतं. बस.

"म्हणजे मॅडम, कॉपी झालीच नाही?"
शेवटच्या बाकावरून भोरचा निनाद खरमाळे.
नाही झाली.
नावं दोन, वस्तू एक.
एकाने पुसलं की दुसऱ्याचंही जातं,
आणि दुसऱ्याला कोणी कळवत नाही.

फळ्यावर दोन बाण काढले, एकाच चौकोनात घुसणारे.
चौकोन वाकडा आला.

मंडईमागे छत्रीखालच्या किल्लीवाल्याने
कानस चालवता चालवता विचारलं होतं,
"एकच करू का दोन? दुसरी दहा रुपये कमी."
मी म्हटलं, एकच.
तेव्हा वाटलं, सुधन्वाला घर दिलं.
दिला होता पत्ता.
घराची नक्कल कोण घासून देतं?

मग तांदळाचा डबा खालच्या फळीवर गेला.
गॅलरीतला कढीपत्ता कोपरा बदलून बसला.
मी हात लावला नव्हता कशालाच.
माझ्याच किल्लीने आत शिरायचे
आणि आतलं वेगळंच.

किल्ली त्याने पाकिटात घालून परत केली, वर चिकटपट्टी.
पावती मागतो की काय, असं वाटलं.

मी नवा फोन घेतला. यादी उतरवली, अक्षर न् अक्षर.
आतले नंबर मात्र जुन्याच घरांत वाजतात.
एक धायरीला, त्याच्या आईकडे.
हिला उथळ कॉपी म्हणतात,
पुस्तकात दोन ओळी, वर्गात चाळीस मिनिटं.
खोल काढायची तर
प्रत्येक गोष्टीच्या आत उतरायचं,
आतल्याच्याही आत,
आणि तळाशी एखादी वस्तू
वर, पहिल्या वस्तूकडेच बोट दाखवते.
मग प्रोग्राम फिरत राहतो. पंखा गरम होतो.

"आणि कोणीच धरून नसलं की?"
पुन्हा निनादच.
मग घंटागाडी.
तिची वेळ भाषा सांगत नाही,
कोथरूडमध्ये तर मुळीच नाही.
पोरं हसली. मी फळा पुसला,
बाण गेले, चौकोनाची एक कड राहिली.

साडेनऊला घरी आले.
गीझर बंद.
सकाळी मी चालू विसरून गेले होते,
नळस्टॉपपर्यंत गेल्यावर आठवलं होतं, दिवसभर डोक्यात होतं.

मोरीत उभी राहून
लाल दिवा नसलेल्या त्या बटणाकडे पाहिलं.

दुसरी दहा रुपये कमी.