तीनशे वीस शर्ट

जुन्या एमआयडीसीतले सुरवसे आले,
खरेदी बघणारे. फटफटी चालूच ठेवून म्हणाले,
तीनशे वीस शर्ट, गडद निळे,
छातीवर कंपनी, खिशावर नाव.
स्वस्तात काय बसतं, बोला.

मी काउंटरवर तीन तुकडे मांडले.
ही स्क्रीन प्रिंट. सोड्यात भिजली
की वर्षभरात खपली धरते.
हे गरम दाबून चिकटवलेलं. देखणं आहे,
पण तुमचा माणूस भट्टीपुढं उभा असतो,
लालभडक सळई बाहेर पडते
तेव्हा हे अंगावरच मऊ व्हायला बघतं.
आणि हे मशीनचं भरतकाम. कापड विरेल,
दोरा नाही विरायचा. मात्र पैसे टाक्यावर.

फटफटी बंद झाली.

तुमचं चाक आणि ज्वाळा, सहा हजार टाके.
नावाचं निराळं. लांब नाव, लांब बिल.
विश्वंभर महाग पडतो,
बाबू परवडतो.

"मग इंग्रजी आद्याक्षरं टाका."

यादी माझ्याच हातात होती.
मुंजाजी खिल्लारे. मुख्तार कुरेशी.
बिहारकडचा मनोहर केवट.
तिघंही एम. के.
म्हटलं, भाऊ, हाक कुणाला मारू राहिले तुम्ही?
"हाक नंबरानं मारतो आम्ही."

शेवटी ठरलं ते असं:
चाक आणि ज्वाळा पक्क्या दोऱ्यात,
नावं चिकटपट्टीवर, वेलक्रोची.
माणूस सहा महिन्यांत बदलतो,
शर्ट दोन वर्षं चालतो.
हिशेब बरोबर होता.
मीच करून दिला होता.

पोळा झाल्यावर एका सुट्टीला
एक जण शर्ट घडी करून घेऊन आला.
धुताना पट्टी निघते, म्हणाला,
ठेकेदार पन्नास कापतो. शिवून द्या, ताई.
कंपनीच्या कापडावर वरून शिवता येत नाही
म्हटल्यावर गप्प बसला.
भिंतीवरचे दोऱ्याचे कोन बघत राहिला,
मग बोट ठेवून म्हणाला,
इथं. पट्टीच्या खाली.
वर कुणाचंही चिकटू द्या.

तीन बाजू उसवल्या.
जागा एवढीशी, अक्षर सात मिलिमीटरचं.
सांगितलं, एवढ्यात अनुस्वार धरत नाही,
मुजाजी होईल.
तो पहिल्यांदा हसला.
"मुजाजी कोण? मी नाही ओळखत."

मशीन थांबवलं. लाइट गेलीच होती तशीही.
दारात उजेडाला बसून
साध्या सुईनं टिंब भरलं,
तीनदा दोरा फिरवून गाठ आत घेतली,
पट्टी पुन्हा होती तशी बसवली.

किती झाले, त्यानं विचारलं.
टाके की पैसे?
"दोन्ही सांगा."

पैसे वीस.
टाके मशीनचे अकराशे चाळीस,
हातचा एक.