नऊ नंबरचा फाटा

नकाशावर टाचण्या टोचायचं काम आर्डिस ट्वेटकडे.
पिवळी म्हणजे हरणाला धडक, फुटलेली काच.
निळी म्हणजे फार्गोच्या इस्पितळापर्यंत.
काळीचा अर्थ भिंतीवर कुठे लिहिलेला नाही,
गावाला तो पाठ आहे.

नऊ नंबरच्या फाट्यावर कागदाची चाळण झालीय.
ऑक्टोबरात बीटचे ट्रक रात्रंदिवस,
टायरांतून गळलेला चिखल,
त्यावर पहाटेचं गोठलेलं दव,
आणि त्या दवावर
सतरा वर्षांचं कोणीतरी, उशीर झालेलं.

यंदाच्या सभेत आलेख घसरला.
एकेचाळीसवरून बारा.
महापौर लुंडीन म्हणाले, पाटी कामाला आली,
तो लुकलुकणारा दिवाही.
टाळ्या. कॉफी.
कुणीतरी लिंबाच्या वड्या आणल्या होत्या.

आर्डिसने हात वर केला नाही.
साखर कारखान्याला कुलूप लागून दोन वर्षं झाली.
शाळेची एकच बस उरली, तीही अर्धी रिकामी.
आदळायला तरी समोरून कोणी यायला हवं.

घरी जाताना ती फाट्यावर थांबते,
पूर्ण, चाकं गप्प होईपर्यंत.
डावीकडे चार मैल काहीच नाही.
उजवीकडे धान्याचं उंच कोठार, बंद.
एक, दोन, मोजते.
तीनला
टोर्विनचा हिरवा पिकअप जातो समोरून,
खिडकी उघडी, कोपर बाहेर,
अकरा वर्षांपूर्वी होता तेवढ्याच घाईत.

त्याला जाऊ देते.
मग ब्रेकवरचा पाय काढते.