आठवड्याचे दहा शब्द

दर सोमवारी एक प्रकरण, दहा शब्द.
फळ्याच्या डाव्या कडेला, जिथे खडू नीट उठत नाही,
तिथे मी लिहिते:
पाळत. मुभा. हद्दपार. बिनदिक्कत.
नववी ब माना घालून उतरवून घेते.

कादंबरी तशी साधी.
एक शहर आहे, त्याला भिंत आहे.
चौदा पूर्ण झाली की मुलांची मोजणी होते,
मोजणीत न बसणारी भिंतीपलीकडे जातात.
नायिकेला नाव नाही, दंडावर आकडा आहे.
मुलांना हे फार आवडतं,
परीक्षेला नाही म्हणून तर जास्तच.

आधी वाटायचं, शब्द मी देते.
'हद्दपार'चा अर्थ सांगायला तोंड उघडलं
तर मयंक पेखळे म्हणाला,
"तडीपार ना, बाई? आमच्या चौकात आहे एकजण.
भाऊबीजेला आला, ओवाळून घेतलं,
उजाडायच्या आत संगमनेरला परत."
आणि 'मुभा' फळ्यावर पाहून तौसीफ कोकणी हसला.
"हा आमच्या मौलवीसाहेबांचा शब्द, बाई.
ते मुबाह म्हणतात. तुमचा शेवटचा ह कुठे सांडला?"
मला माहीत नव्हतं. घरी जाऊन कोश काढला.
खरंच सांडला होता.

सहाव्या प्रकरणात आला 'पात्र'.
मी म्हटलं, कथेतली व्यक्ती.
पुष्कर तांबट म्हणाला, भांडं.
त्याचे काका अजून ठोक्याचे हंडे करतात,
भांडीबाजारात आता फक्त शोसाठी ठेवतात म्हणे.
कुणीतरी म्हणालं, लायक.
मग शेवटच्या बाकावरून
वर्षभरात चारदा बोललेली दामिनी गांगुर्डे:
"नदीचं असतं, बाई. आम्ही पात्रात राहतो."

वर्ग हसला. हसू द्यायला नको होतं.

तिनं कंपासपेटीतून चौघडीचा कागद काढला,
मागे अजून भिंतीचा चुना चिकटलेला.
निळ्या पूररेषेच्या आत, नदीपात्रातील अतिक्रमण.
पुनर्वसनासाठी अपात्र.
"एकाच कागदात दोनदा उपयोग केलाय त्यांनी," ती म्हणाली,
तक्रार म्हणून नाही,
गृहपाठ दाखवावा तशी.

अ लावला की उलटं होतं,
हे मीच शिकवलं होतं पहिल्या आठवड्यात.
शक्य, अशक्य. ज्ञात, अज्ञात.
दहापैकी दहा पडले होते तिला.

घंटा व्हायला अकरा मिनिटं होती.
तिनं बोट शेवटच्या ओळीवर ठेवलं:
हरकत असल्यास सात दिवसांत.
"बाई, 'हरकत नाही' ऐकलंय.
सगळेच म्हणतात, आई तर दिवसभर.
नुसती हरकत कशी असते?"

मी अकरावा शब्द लिहिला.
पुस्तक मिटलं; नायिका भिंतीपाशी थांबली असेल, थांबू दे.
त्या अकरा मिनिटांत आणि नंतरच्या मधल्या सुट्टीत
नववी ब नं एक अर्ज लिहिला.
मयंकला 'बिनदिक्कत' घालायचाच होता, मी कापला.
तौसीफनं 'मुभा' घातला, तो राहू दिला.
"आमच्या पाच घरांत चौतीस माणसे आहेत"
हे वाक्य दामिनीचं, त्यात एकही नवा शब्द नाही.
मी एक ऱ्हस्व दीर्घ केला.
पुष्कर म्हणाला, अक्षर माझं चांगलंय,
आणि खरंच, ठोक्याच्या भांड्यासारखं
एकेक अक्षर उठून आलं.

अर्जानं काही होतं का, हे मुलांनी विचारलं नाही.
विचारलं असतं तर
त्या कादंबरीवाल्या बाईइतकं धीट
मला काही सुचलं नसतं.

या सोमवारी मी खडू उचलायच्या आधी
दामिनी उठली.
"आज पहिला शब्द माझा. पोच."
पंचवटीच्या कार्यालयात खिडकीवरचा माणूस
द्यायला तयार नव्हता;
ती उभी राहिली, आई उभी राहिली,
मग शिक्का बसला, तारीख जरा पुसट.

"पण बाई, मामा मला म्हणायचा,
या पोरीला पोच नाही.
तो हाच शब्द का?"

हाच, मी म्हटलं.
आणि डाव्या कडेला नाही,
मधोमध लिहिला.